आईबाबांना भेट म्हणून काय द्यावं, मुलांना किती द्यावं, आणि हे घरखर्चात बसवायचं कसं?

हिशेबवही

घरचा महिन्याचा खर्च मी नेमाने लिहून ठेवते. किराणा, वीज, फी, औषधं, प्रवास, सगळ्यांना रकाने आहेत. भेटवस्तूंना मात्र नाही. त्या 'इतर'मध्ये जातात, आणि वर्षअखेरीस बेरीज मांडली की 'इतर' औषधांच्याही पुढे गेलेलं असतं.

पैशाचं एक झालं. त्याहून जास्त टोचतं ते हे, की एवढा खर्च होऊनही वस्तू वापरात येत नाहीत. आईला दिलेलं खोक्यासकट कपाटात जातं, बाबा 'छान आहे' म्हणून बाजूला ठेवतात, आणि मुलाकडे इतकी खेळणी आहेत की त्यातलं एखादं हरवलं तरी त्याच्या लक्षात येत नाही.

माझं मत सांगते. भेटीला घरखर्चात स्वतःचा रकाना असावा, आणि काय द्यायचं ते त्या माणसाचा रोजचा दिवस बघून ठरवावं. आई कुठल्या कामाला वैतागते, बाबा कशासाठी दोनदा उठतात, मूल कशात तासभर रमतं, हे आधी पाहावं आणि मग दुकानात जावं.

तुम्ही असा रकाना ठेवता का? 'मला काही नको' म्हणणाऱ्या आईवडिलांना दिलेलं काय खरोखर वापरात आलं? मुलांच्या बाबतीत हात कुठे आवरता? सविस्तर लिहा, प्लीज.

वाटाड्या

रुमाल टाकून ठेवतो. याच महिन्यात घरात वाढदिवसांची रांग आहे.

काडेपेटी

विषय चांगला, पण रकान्याचं अजिबात पटलं नाही. मनात आलं, घेतलं, दिलं, अशी भेट असावी. वहीत लिहून, रक्कम बाजूला काढून दिलेली भेट म्हणजे हप्ता भरल्यासारखं होतं. आईला कळलं की तिच्यासाठी वर्षाला अमुक एवढी तरतूद आहे, तर तिला कसं वाटेल?

हिशेबवही

@काडेपेटी, तरतूद आहे हे आईला कळायचं कारण नाही, वही माझ्याकडे असते. रकाना नसला की काय होतं ते सांगते. वाढदिवस पगाराच्या आठवड्यात आला तर हात सैल सुटतो, महिनाअखेरीस आला तर आखडतो. म्हणजे आईला किती मिळणार हे तिची जन्मतारीख ठरवते. याहून मला वही बरी वाटते.

किल्लीवाला

रकान्याला माझं अनुमोदन. आमच्याकडची पद्धत साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या वाढदिवसांची, लग्नांची, बारशांची यादी करायची, प्रत्येकापुढे झेपेल ती रक्कम लिहायची, बेरजेला १२ने भागायचं आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे. ज्या महिन्यात एकही समारंभ नाही त्या महिन्यातही टाकायचे, खरी गंमत तिथेच आहे. मग तीन वाढदिवस लागोपाठ आले तरी किराण्याला धक्का लागत नाही.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. 'काकेबो' म्हणून ती पद्धत आजही चालते. हल्ली ती ज्या रूपात शिकवतात त्यात खर्चाचे चार गट असतात: गरजेचा, हौसेचा, वाचन-शिक्षण-कलेचा आणि अचानक आलेला. बरेचजण भेटवस्तू या शेवटच्या गटात ढकलतात. पण वाढदिवस अचानक येत नाही, तारीख जन्मापासून ठरलेली असते. अचानक येतं ते आजारपण, आणि तो गट त्याच्यासाठीच मोकळा ठेवावा.

निवांत

बाबांना विचारलं, वाढदिवसाला काय हवं? म्हणाले, "एक दिवस शांतता." आम्ही सगळी पोरं गोळा करून सकाळीच बाहेर पडलो. दुपार टळायच्या आत फोन, "कधी परत येताय?"

शून्यमात्रा

=)) @निवांत, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मनापासून स्वीकारलेलं!

काय आवडतं यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये दाखवलं, की देणाऱ्याला वाटतं जितकी महाग वस्तू तितका आनंद जास्त, पण घेणाऱ्याच्या आनंदाचा किमतीशी तसा संबंध दिसला नाही. २०११ मध्ये फ्लिन यांनीच फ्रान्सेस्का जिनो यांच्याबरोबर पाहिलं, तर लोकांना स्वतः सांगितलेली वस्तू मिळाली की ती जास्त आवडते. देणाऱ्यांचा समज नेमका उलटा होता, आपण स्वतः शोधून आणलेलं जास्त भावेल असा.

तेव्हा विचारून द्यायला लाजू नये.

काडेपेटी

अभ्यास असतील, पण माझी आई विचारलं की 'काही नको'च म्हणते. मागून घेणं तिच्या स्वभावात नाही. तिथे काय विचारणार?

आजीबाई७१

मी वाचत असते, लिहीत फारशी नाही. पण इथे आमच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

बाळांनो, या वयात आम्ही घर रिकामं करायच्या मागे असतो. नवी वस्तू आली की तिला जागा शोधा, ती पुसा, कुणी दिली ते लक्षात ठेवा, आणि देणारा आला की ती बाहेर काढून ठेवा. आम्ही नको म्हणतो ते या सगळ्याला. तुमच्या प्रेमाला नको म्हणत नाही.

मला आवडलेल्या दोन गोष्टी सांगते. सुनेने एक दुपार माझ्याजवळ बसून फोन नीट लावून दिला. अक्षरं मोठी केली, नको त्या सूचना बंद केल्या, आणि रोजच्या माणसांच्या नंबरांना त्यांचे फोटो लावले. आता चष्मा नसला तरी चेहरा बघून फोन लावता येतो. यात तिचा एक पैसाही गेला नाही.

दुसरी गोष्ट न्हाणीघरातला हाताला धरायचा दांडा. मुलाने आधी विषय काढला तेव्हा मला राग आला होता, मी काय इतकी थकले का? मग त्याने दोन्ही न्हाणीघरांत बसवले, स्वतःच्याही. त्यामुळे तो कुणा एकाचा राहिला नाही, घराचा झाला. आता मी तो रोज धरते. आणि एक लक्षात ठेवा, दांडा भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेलाच हवा. हवेच्या दाबाने चिकटणारे येतात ते नकोत, आणि टॉवेलची दांडी धरून तर कधीच उठू नये.

दोन लेकरांची आई

आजी, हा प्रतिसाद कागदावर उतरवून घेतला. दोन्ही न्हाणीघरांत बसवण्याची युक्ती फार शहाणी आहे.

चष्मेवाली

आजींना दंडवत. माझं काम डोळे तपासण्याचं, त्यामुळे भेट म्हणून एक वस्तू मी कायम सुचवते: वाचायचा चांगला दिवा.

वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आई संध्याकाळी 'अक्षर लागत नाही' म्हणते तेव्हा चष्म्याचा नंबर बदललेला असतोच असं नाही, बऱ्याचदा उजेड कमी असतो. आपण त्याच खोलीत बसलेले असतो आणि आपल्याला दिसत असतं, म्हणून हे लक्षात येत नाही.

पण अख्ख्या खोलीला भगभगीत दिवे लावू नका. वय झालेल्या डोळ्यात प्रकाश जास्त पसरतो, त्यामुळे समोरून येणारा झगझगाट त्रास देतो. मान वळवता येईल असा दिवा घ्या, बल्ब थेट नजरेला दिसणार नाही अशी टोपी त्याला हवी. तो खुर्चीच्या बाजूला ठेवा, उजेड पानावर पडला पाहिजे. बटण जाड आणि हाताशी हवं, टेबलाखाली वाकून शोधायचं नको. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर पावलांच्या चाहुलीने लागणारा छोटा दिवाही तितकाच कामाचा.

पुस्तक देणार असाल तर मोठ्या टायपातली आवृत्ती मिळते का बघा, १६ ते १८ पॉइंटची. आणि तयार मिळणारा वाचायचा चष्मा परस्पर घेऊन देऊ नका, त्याऐवजी तपासणीला सोबत जा.

काडेपेटी

माफ करा, पण दिवा, दांडा, फोनची अक्षरं… ही घरदुरुस्तीची यादी होत चालली आहे. वाढदिवसाला आईला दांडा द्यायचा? ज्याची काही गरज नाही पण ज्याने तिचा चेहरा फुलेल, ती भेट. माझी आई आयुष्यभर गरजेच्याच वस्तू घेत आली. तिला एकदा तरी निव्वळ हौसेचं मिळावं असं मला मनापासून वाटतं.

मुळाक्षर

@काडेपेटी यांच्या या शेवटच्या वाक्याला +१००.

आमच्या घरी निव्वळ हौसेची म्हणून जी भेट जमली ती सांगतो. बाबांच्या जुन्या फोटोंचा गठ्ठा होता. मी तो थोडा थोडा स्कॅन केला. मूळ आकारात छापायचे असतील तर ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) पुरतं, लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६०० ठेवावं. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हात न दाबता लिहावी. बॉलपेन टेकवलं तर त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, आणि ओली शाई दुसऱ्या फोटोला लागते.

पण खरी भेट पुढे आहे. 'बाबा, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा' म्हटलं की ते दोन वाक्यांत आटपायचे. मग मी एक फोटो हातात द्यायचो आणि बोट ठेवून विचारायचो, "हा मागे दारात उभा आहे तो कोण? आणि त्याच्या एकाच पायात चप्पल का?" त्या एका चपलेवर बाबा अर्धा तास बोलले. त्यात शेजारी आले, भांडण आलं, विहीर आली, मला माहीतच नसलेली एक आत्या आली. फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड केला. प्रत्येक फाइलला फोटोचाच क्रमांक दिला आणि सगळं दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवलं.

वाढदिवसाला त्यातले निवडक फोटो छापून एक जाडजूड वही दिली. ती कपाटात गेली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली जाते.

आजीबाई७१

मुळाक्षर, तुझे बाबा भाग्यवान आहेत. आम्हाला कुणी असं नेमकं विचारत नाही रे.

निवांत

आज घरी जाऊन पहिलं काम हेच. आमच्याकडे एक फोटो आहे, त्यात सगळे डावीकडे बघतायत आणि का ते कुणालाच माहीत नाही.

दोन लेकरांची आई

मुलांकडे कुणी वळलंच नाही, म्हणून मी वळते.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातला एक छोटा प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं घेतली. प्रत्येकाला एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं आणि एकदा १६. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली. अभ्यास लहान आहे, पण ज्यांच्या घरी या वयाचं मूल आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आमच्याकडे म्हणून खेळण्यांच्या पाळ्या आहेत. थोडी बाहेर, बाकीची माळ्यावर, आणि काही दिवसांनी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेलं खेळणं नव्यासारखं वाटतं आणि खिशाला तोशीस नाही. नातेवाइकांना मी मोकळेपणाने सांगते, की प्रत्येकाने एकेक छोटं आणण्यापेक्षा सगळे मिळून एक टिकाऊ आणू या. सुरुवातीला दोघीतिघींना हे खटकलं. आता त्याच आधी फोन करून विचारतात.

कशावर खर्च करायचा याचं माझं माप असं, की खेळणं जेवढं स्वतःहून कमी करतं तेवढं मूल जास्त करतं. ठोकळे, माती, रंग, दोरी, भिंग. बटण दाबलं की नाचणारं खेळणं तीन दिवसांत जुनं होतं.

किल्लीवाला

ठोकळ्यांबद्दल एक भर. लेगोचे १९५८ नंतरचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात. म्हणजे मोठ्या भावंडांचे किंवा कुणी वापरून सोडलेले बिनदिक्कत घ्या, धुवा आणि द्या. लहान मुलांच्या वस्तूंत वापरलेली घेण्यात कमीपणा मानू नये. फक्त हेल्मेट वापरलेलं घेऊ नका. एकदा जोराचा मार बसला की आतला थर चेपतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

जुना खेळाडू

हेल्मेट निघालंच आहे तर सायकलबद्दल कळकळीने सांगतो. 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून एक माप मोठी सायकल घेऊ नका. मुलाला सीटच्या पुढे उभं करा, दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले पाहिजेत आणि मधल्या दांड्याच्या वर थोडी मोकळी जागा उरली पाहिजे. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं सहज पोचतात का, हे दुकानातच करून बघा. मोठ्या सायकलवर मूल घाबरतं, एकदोनदा पडतं, आणि सायकल गॅलरीत जाते. पैसे वाचवायला गेलो आणि सगळेच वाया, असं होतं.

शिकायला पॅडल नसलेली सायकल उत्तम. आधी तोल शिकला की पॅडल मारणं मूल पटकन उचलतं.

बुटांचंही तसंच. अंगठ्याच्या पुढे साधारण १ सेंटीमीटर जागा पुरे. दोन मापं मोठा बूट घेऊन बोळा कोंबू नये.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. एवढी एकच गोष्ट सांगायला लॉगिन केलं, कृपया सगळ्यांनी वाचा.

खेळणं, रिमोट, लुकलुकणारं काही, किंवा उघडलं की गाणं वाजणारं शुभेच्छापत्र देत असाल तर आत कोणती बॅटरी आहे ते बघा. नाण्यासारख्या चपट्या लिथियम बॅटऱ्या, विशेषतः २० मिलिमीटर व्यासाच्या, लहान मुलाने गिळल्या तर अन्ननलिकेत अडकतात. तिथल्या ओलाव्यात त्यांचा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. बॅटरी गळायची गरज नसते, आणि वापरून संपलेलीही धोक्याची असते. झाकण स्क्रूनेच उघडणारं हवं, नखाने उघडणारं नको. गाणारी शुभेच्छापत्रं लहान मुलाच्या हातात देऊच नका, कागद फाटला की बॅटरी बाहेर.

गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, उलटी करायला लावू नका, सरळ इस्पितळ गाठा. सुटी चुंबकं असलेली खेळणीही लहानांच्या घरात नकोत. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात.

३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान तुकड्यांची चाचणी असते, त्यातल्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण बसेल असा कुठलाही तुकडा त्या वयाला नको. खोक्यावरचं वय मुलाच्या हुशारीसाठी लिहिलेलं नसतं, त्यामुळे 'आमचा हुशार आहे, चालेल' म्हणू नये.

दोन लेकरांची आई

धन्यवाद, ताई. आत्ता उठून घरातले सगळे रिमोट तपासले. एकाचं झाकण सैल होतं, चिकटपट्टी लावून वर ठेवून दिला.

निवांत

@रात्रपाळी, आलाच आहात तर विचारतो. बाबा टीव्हीचा आवाज खूप मोठा ठेवतात. कानाचं यंत्र भेट द्यावं का?

रात्रपाळी

यंत्र परस्पर आणून देऊ नका, आधी तपासणी. कधी कधी कानात नुसता मळ असतो. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ असली व्यंजनं. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण समजत नाही, आणि गर्दीत तर नाहीच. आपण ओरडलो की त्यांना चिडल्यासारखं वाटतं. समोर बसून, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला. तपासणीचा खर्च तुम्ही उचला आणि सोबत जा, हीच भेट समजा. तोवर टीव्हीला जोडायचे बिनतारी हेडफोन चालतील. त्यांचा आवाज ते हवा तसा ठेवतील आणि घरातल्यांनाही त्रास नाही.

शून्यमात्रा

पैसेच देण्याबद्दल कुणी बोललं नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटवस्तूंची किंमत त्यांनाच ठरवायला सांगितली, तर ती खऱ्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी निघाली. हिशेबाने बघितलं तर रोख रक्कम देणं सर्वांत शहाणपणाचं.

आजीबाई७१

पैसे देऊन बघ. ते आम्ही नातवंडांवर खर्च करतो आणि फिरून तुझ्याच घरी खेळणं येतं.

काडेपेटी

आजी =))

मुळाक्षर

अवांतर: कागदात गुंडाळून देणं तुम्ही चालू ठेवलंय का? आम्ही एक सुती चौकोनी कापड ठेवलंय. भेट त्यात बांधायची आणि कापड परत घ्यायचं. आता ते कापड दिसलं की पोरं नाचायला लागतात.

दोन लेकरांची आई

मस्त! जुन्या ओढणीचं आजच करते.

वाटाड्या

टाकलेला रुमाल उचलतो आता.

मुलांना काय द्यावं एवढंच बोलून झालं, मुलांनी काय द्यावं तेही बघू या. आम्ही लेकीला खाऊच्या पैशांसाठी तीन डबे दिले: खर्चाचा, साठवणीचा आणि दुसऱ्यांसाठीचा. तिसऱ्या डब्याला आम्ही हात लावायचा नाही आणि सुचवायचंही नाही.

आजोबांच्या वाढदिवसाआधी ती काही दिवस त्यांच्या मागेमागे होती. आजोबा दिवसातून कितीदा 'रिमोट कुठे गेला' म्हणतात ते तिने पाहिलं. मग डब्यातल्या पैशांतून जाड कापडाचा तुकडा आणला, आजीकडून धावदोरा शिकून घेतला आणि आजोबांच्या खुर्चीच्या हाताला एक खिसा शिवला. टाके वेडेवाकडे आहेत. रिमोट त्यात बसतो, चष्माही बसतो. आजोबा पाहुण्यांना आधी तो खिसा दाखवतात, मग बसा म्हणतात.

हिशेबवही म्हणतात तसं, आधी माणसाचा दिवस बघायचा. आठ वर्षांच्या मुलीला हे जमतं, तर आपल्यालाही जमायला हरकत नाही.

काडेपेटी

हा खिसा मला फार आवडला. गरजेचाही आहे आणि चेहरा फुलवणाराही. माझ्या मुद्द्याची थोडी अडचण झाली खरी, पण चालेल.

हिशेबवही

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून मी वहीत एकाऐवजी दोन रकाने आखलेत.

एक 'निगा'. दिवा, दांडा, कानाची तपासणी, मापाचे बूट, हेल्मेट हे सगळं त्यात. हा खर्च वाढदिवसाची वाट बघणार नाही, गरज दिसली की त्याच महिन्यात करायचा, आणि तो भेट म्हणून मोजायचाही नाही. काडेपेटींचं म्हणणं बरोबर होतं, आईला वाढदिवसाला दांडा दिला असं व्हायला नको.

दुसरा 'भेट'. यात फक्त हौस. किल्लीवाल्यांच्या पद्धतीने १२ने भागून. आई शिकवण्या घेण्यात पेटीवादन विसरून गेली, तिच्यासाठी पेटी दुरुस्त करून सूर लावून घेणार आहे. बाबांसाठी फोटोंचं काम मी आणि भाऊ वाटून घेतोय. मुलाची अर्धी टोपली आज माळ्यावर गेली, त्याने अजून विचारलेलं नाही.

काडेपेटी

दोन रकाने मान्य. मीही आखतो. पेटीचं वाचून बरं वाटलं.

किल्लीवाला

'निगा' महिन्याला किती, हे ठरवताना मागच्या वर्षाची औषधांची आणि दुरुस्तीची बिलं समोर घ्या. अंदाजाने आकडा लिहिलात की तो नेहमी कमीच पडतो.

वाटाड्या

@रात्रपाळी, एक शेवटचं. वडिलांना घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यायचंय, हे 'निगा'तच धरतो. कोणतं घ्यावं?

रात्रपाळी

मनगटाचं नको, दंडावर बांधायचं घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्ट्याचं माप. पट्टा दंडाला लहान झाला तर आकडा खोटाच जास्त येतो आणि घरभर घबराट. खोक्यावर घेर सेंटीमीटरमध्ये लिहिलेला असतो. वडिलांच्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मोजा आणि मगच घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवायचे.

वाटाड्या

आजच मोजतो. पण टेप घेऊन दंड मोजायला गेलो तर विचारतील, कशाला?

आजीबाई७१

सदरा शिवायचाय म्हणून सांग.

वाटाड्या

मग सदराही शिवावा लागेल, आजी. शिवतो.